खिळे पेरणारा माणूस

चारशे तीस किलोमीटरच्या प्रवासासाठी माझ्या सासऱ्यांनी मोटरसायकलवर जे सामान बांधलं, त्यात एक घमेलं होतं. पंक्चरच्या दुकानात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायला असतं तसलं, काठाचा मुलामा उडालेलं. ते त्यांनी मागच्या सीटवर उपडं घातलं, दोरीनं चारी बाजूंनी आवळलं आणि दोन पावलं मागं सरून समाधानानं पाहत राहिले. वडीलधाऱ्यांना आमच्याकडं आदरानं डॉन म्हणतात, तसं मी म्हणालो, "डॉन हेर्वासिओ, लोक मोटरसायकलवरून मेळाव्याला जातात, तुम्ही दुकान घेऊन चाललात."

"लोकांना पंक्चर होतं तेव्हा लोक रडतात," ते म्हणाले. "मी रडणार नाही."

मी ला तोल्वाच्या टपाल कचेरीत काम करतो. दिवसभर बसून असतो, म्हणून वर्षातून एकदा कुठंतरी मोकळं फिरून यावं एवढीच माझी इच्छा. शनिवारी सकाळी निघायचं, आर्रोयो चुएकोच्या मोटरसायकल मेळाव्याला पोचायचं, रविवारी दुपारी निखाऱ्यावरचं मांस पोटभर खायचं आणि परतायचं. यात शिकण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. पण सासऱ्यांनी तीन आठवडे माझी शिकवणी घेतली.

ही शिकवणी परसात चाले. ते स्वतः हातोडीनं माझ्या मागच्या टायरमध्ये खिळा ठोकत, मग फळांच्या खोक्यावर घड्याळ घेऊन बसत. पहिल्या दिवशी मला एक तास दहा मिनिटं लागली, आणि टायर चढवताना टॉमीच्या, म्हणजे त्या लोखंडी पट्टीच्या, चिमटीत सापडून नव्या ट्यूबला आणखी दोन भोकं पडली. सासऱ्यांनी ती ट्यूब उचलून माझ्या बायकोला दाखवली. "मिर्ता, बघ. खिळ्यानं एक भोक पाडलं, जावईबापूंनी दोन. खिळा परवडला." मिर्ता इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. बापाच्या विनोदाला हसणारी बायको घरात असली की नवऱ्याला बाहेरचा शत्रू लागत नाही.

त्यांचं पंक्चरचं एक शास्त्र होतं. पंक्चर मागच्याच चाकाला होतं, जिथं सावली नसते तिथंच होतं, आणि हत्यारं सामानाच्या तळाशी असतात तेव्हाच होतं. म्हणून हत्यारं वर आणि जेवण खाली. मिर्तानं तळून दिलेले मांसाचे काप दोन पंप, तीन टॉम्या आणि चार ट्यूबांच्या खाली गेले. ट्यूबा पावडर लावून जुन्या मोज्यांत घातलेल्या होत्या, नाहीतर प्रवासात घासून घासून त्यांना न वापरताच भोक पडतं म्हणे. खडीत स्टँड रुततो म्हणून खाली ठेवायला फळकूट. गुडघ्याखाली घ्यायला गालिच्याचा तुकडा. टायरच्या आतून हात फिरवून टोक शोधायला फडकं, कारण खिळा आतच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. आमच्या पठारावर वारा असा, की हवा सुटल्याची सुसू ऐकू येत नाही, म्हणून घमेलं. घमेल्यासाठी पाच लिटरचा पाण्याचा कॅन. मी एकदा तहान लागली म्हणून त्याला तोंड लावायला गेलो, तर म्हणाले, "ते ट्यूबचं पाणी आहे. तुझं नाही."

पण या सगळ्या तयारीमागे नुसतं पंक्चर नव्हतं. त्यासाठी आनसेल्मोबद्दल सांगायला हवं.

आनसेल्मो आमच्या गावचा खाटीक, आणि गावच्या मोटरसायकल क्लबचा अध्यक्ष. एकतीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, काळा सूट घालून तो मोटरसायकलवरून चर्चला निघाला आणि बरोबर माझ्या सासऱ्यांच्या पंक्चरच्या दुकानासमोर त्याचं चाक बसलं. चर्चमध्ये नवरी, नीदिया, सव्वा तास उभी होती. पाद्री दोनदा बाहेर येऊन रस्ता बघून गेला. शेवटी आनसेल्मो घामाघूम होऊन दारात आला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, की हेर्वासिओ गिऱ्हाईक मिळावं म्हणून रस्त्यावर खिळे पेरतो.

झालं. नवरदेवाचं बोलणं, तेही चर्चच्या दारात. तेव्हापासून ला तोल्वात कुणाचीही हवा गेली, मग ती पंचवीस किलोमीटरवर का जाईना, की लोक म्हणत, हेर्वासिओची पेरणी चांगली झालेली दिसते.

माणूस मानी. त्यांनी काय केलं, तर जुन्या लाउडस्पीकरातलं मोठं लोहचुंबक काढलं, काठीला बांधलं, आणि रोज पहाटे दुकान उघडायच्या आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना दोनदोनशे पावलं वाकून खिळे गोळा करू लागले, म्हणजे आपल्या दारात कुणाचं चाक बसायला नको. आता पहाटेच्या अंधुक उजेडात एक माणूस रस्त्यावर वाकून चालतोय, मध्येच हात खाली नेतोय, हे गावानं पाहिलं. गावाची खात्रीच पटली. इतका प्रामाणिकपणा केला नसता तर ते प्रकरण कदाचित दोनतीन वर्षांत विसरलंही गेलं असतं.

या वर्षी त्यांना सत्तर पूर्ण झाली. केक कापताना त्यांनी मिर्ताला सांगितलं, "मरायच्या आधी आनसेल्मोच्या तोंडून एकदा ऐकायचंय, की हा माणूस खिळे पेरत नाही. मग काय व्हायचं ते होवो." हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला, की मी खाली माझ्या बशीकडे पाहिलं. क्लबनं त्यांना कधी बरोबर नेलं नव्हतं. खिळेवाल्याच्या मागून कोण गाडी चालवणार, असा क्लबवाल्यांचा विनोद. म्हणून सासऱ्यांनी स्वतःचा बेत केला. आर्रोयो चुएकोचा रस्ता, जिथं त्यांचं दुकान नाही, ओळख नाही, काही नाही, तिथं पडलेला प्रत्येक खिळा वेचायचा, आणि भरलेला डबा मेळाव्यात आनसेल्मोसमोर ठेवायचा. म्हणजे खिळे सगळ्याच रस्त्यांवर असतात, कुणी पेरावे लागत नाहीत, हे त्याला दिसेल. त्या डब्याला ते "पुरावा" म्हणत.

तर आम्ही दोघं पहाटे निघालो. क्लबचे सात जण मोठ्या गाड्यांवरून पाच तासांनी निघणार होते. त्यांची तयारी मी आदल्या दिवशी पाहिली होती. आनसेल्मोकडं पंक्चर आपोआप भरणारा एक फवारा होता, तो त्यानं मला पदक मिळाल्यासारखा दाखवला. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटले.

पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये आम्ही एकवीस वेळा थांबलो. सासरे खडीकडं बघत, ताशी चाळीसच्या वेगानं, आणि खिळा दिसला की ब्रेक. घोड्याच्या नालाचे खिळे, खोक्यांचे खिळे, कुंपणाच्या तारेचे आकडे, एकदा तर अख्खी कडी. गाउचितो हा आमच्याकडचा वाटसरूंचा संत, त्याच्या लाल झेंड्यांच्या देवळीपाशी सगळे नुसता हॉर्न वाजवून पुढं जातात. आम्ही उतरलो, कारण तिथं ट्रकवाले थांबतात, आणि ट्रक थांबतो तिथं खोकी फुटतात. एकतीस खिळे मिळाले. सासऱ्यांनी टोपी काढून गाउचितोचे आभार मानले.

गंमत अशी, की सगळ्या जगाला पंक्चरची भीती आणि मी मनातून पंक्चरची वाट बघत होतो. तीन आठवडे परसात घाम गाळला होता, एकदा तरी दाखवायचं होतं. पण आमच्या पुढचा रस्ता सासरे असा झाडून काढत होते, की पंक्चर होणार कसं? मी तसं बोललो तर म्हणाले, "आपल्याला होत नाही याचं दुःख कसलं करतोस? मागून येणाऱ्यांचाही रस्ता साफ होतोय." शेवटी कंटाळून मी त्यांच्या पुढं निघून गेलो. वारा मागून होता, म्हणून पुढं असूनही त्यांच्या डब्याचा खुळखुळाट मला ऐकू येत राही. दुधाच्या पावडरचा मोठा पत्र्याचा डबा, घमेल्याच्या काठाला तारेनं टांगलेला. अडीचशे किलोमीटर मी तो खुळखुळाट ऐकला. दात दुखावा तसा तो माझ्या डोक्यात बसला होता.

तीनशेच्या आसपास रस्त्याला आडव्या लाटा पडल्या आहेत. गाडी, माणूस, दाढा, सगळं थडथडतं. तिथं कधीतरी तो खुळखुळाट थांबला. मी खोटं सांगत नाही, पंधरा मिनिटं मी त्या शांततेचं सुख भोगलं. आभाळ बघितलं, शीळ घातली. मग आडोशाला एक पडकी भिंत दिसली, तिथं जेवायला थांबलो. सासरे मागून आले, उतरले, आणि सवयीनं डब्यावर हात ठेवला.

डबा जागेवर होता. झाकण घट्ट होतं. फक्त तळ नव्हता. थडथडून सांधा उकलला होता आणि तळाची चकती कुठंतरी मागं राहिली होती.

"दोनशे बारा होते," सासरे म्हणाले.

दोघंही मागं वळून बघत राहिलो. रस्ता सरळ होता, आमच्याकडं तो नेहमी सरळच असतो. दूर क्षितिजाशी धुळीचा लोट उठला होता. मोटरसायकलींचा लोट. तो आमच्याकडं येत होता, येत होता, मग त्यातून एक धूळ बाजूला झाली. मग दुसरी. मग सगळा लोट हळूहळू खाली बसला आणि तिथं काही ठिपके उभे राहिले. एकतीस वर्षं ज्या माणसानं खिळा पेरला नाही म्हणून शपथा घेतल्या, त्यानं आज क्लबच्या वाटेवर दोनशे बारा खिळे पेरले होते. पुराव्यानंच गुन्हा केला होता.

मी म्हणालो, निघू या. कुणाला कळणार नाही. खिळ्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. ते मोठे आहेत, त्यांच्याकडं फवारा आहे, त्यांचं ते बघतील. मी हे सगळं एका दमात बोललो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

सासऱ्यांनी गाडी वळवली. "वाल्तेर," ते म्हणाले, "रस्त्याच्या कडेच्या गवतातून चल. मधून गेलास तर आपलंही चाक बसेल, मग त्यांना कोण बघणार."

क्लबचे सात आणि दुसऱ्या गावाचे चार, अशा अकरा गाड्या उभ्या होत्या. चाकं सतरा बसली होती. आनसेल्मो दगडावर बसला होता, आणि फवाऱ्याचा सगळा फेस त्याच्या बुटांवर होता. एकाकडं पंप होता, पण त्याची नळी घरी राहिली होती. एकाकडं ट्यूब नसलेल्या टायरचं सामान होतं, त्याच्या टायरमध्ये मात्र ट्यूब होती. एक जण हेल्मेट हातात घेऊन मोबाइलला आभाळात रेंज शोधत होता. तीनशे किलोमीटर मागं ला तोल्वा, सव्वाशे पुढं आर्रोयो चुएको, आणि मध्ये मेंढ्या.

सासरे उतरले, सरळ आनसेल्मोसमोर गेले आणि म्हणाले, "आनसेल्मो, हे खिळे..."

आनसेल्मोनं हात वर केला. "काही बोलू नका, डॉन हेर्वासिओ. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार. आधी चाकं बघा, पाया पडतो."

परगावच्या चौघांपैकी एकानं विचारलं, हे कोण? क्लबातला कुणीतरी म्हणाला, हे खिळे पेरणारे, ला तोल्वात यांचं पंक्चरचं दुकान आहे. परगावचा हसत म्हणाला, दुकानापासून तीनशे किलोमीटरवर? त्यावर क्लबातलेच हसायला लागले, आणि आनसेल्मोचे कान लाल झाले. माझे सासरे पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांची बाही ओढली. "उद्या सांगा," मी कुजबुजलो. "आत्ता सांगितलंत तर हे लोक चाकाला हात लावू देणार नाहीत, आणि मग सगळेच इथं बसतील." हे त्यांना पटलं. चाक बसलेलं त्यांना बघवत नाही.

दोरी सुटली, घमेलं खाली आलं, ट्यूबचं पाणी त्यात पडलं. मग मी माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा खरं पाहिलं. दुकानात ते बुटके, वाकलेले, कुरकुरे दिसतात. तिथं त्या उघड्या पठारावर, गालिच्याच्या तुकड्यावर गुडघे टेकून, ते एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखे दिसत होते. चार नव्या ट्यूबा ज्यांच्या फाटल्या होत्या त्यांना दिल्या. बाकी तेरा पंक्चर काढली. मी टायर उतरवायचे, त्यांनी भोक शोधायचं, घासायचं, सोल्युशन लावायचं, फुंकायचं, ठिगळ दाबायचं, मी टायर चढवायचे. अकरा धिप्पाड माणसं वाऱ्याला पाठ करून आमच्याभोवती उभी, कुणी पंप मारतंय, कुणी रस्त्यावरचे खिळे वेचतंय, कुणी थर्मासातलं गरम पाणी ओतून 'माते' नावाच्या पाल्याच्या चहाचा कडू घोट आमच्या तोंडापर्यंत आणून धरतंय. सतरावं चाक मी चौदा मिनिटांत बसवलं. एकही ट्यूब चिमटली नाही. सासरे म्हणाले, "बरं झालं." त्यांच्या तोंडून हे दोन शब्द काढायला मला लग्नानंतर नऊ वर्षं लागली.

अंधार पडल्यावर सगळे आर्रोयो चुएकोला पोचलो. वाटेत क्लबनं सासऱ्यांना सगळ्यांच्या पुढं ठेवलं. ते ताशी चाळीसनं चालले आणि मोठ्या गाड्यांवरचे अकरा जण निमूट त्यांच्या मागं.

रविवारी दुपारी निखाऱ्यांच्या धुरात बक्षिसं सुरू झाली. सगळ्यात लांबून आलेला, सगळ्यात जुनी गाडी, असं नेहमीचं. मग आनसेल्मोनं माइक मागून घेतला. अध्यक्ष म्हणून तो दरवर्षी काहीतरी कंटाळवाणं बोलतो, म्हणून मी मांसावरच लक्ष ठेवलं होतं. पण त्याचा आवाज वेगळा लागला. तो म्हणाला, "एकतीस वर्षं मी एका माणसाबद्दल सांगत आलोय, की हा खिळे पेरतो. काल या माणसानं परत फिरून अकरा जणांची सतरा चाकं उभी केली. डॉन हेर्वासिओ, तुम्ही कधी खिळे पेरले नाहीत. मी चुकलो. सगळ्यांसमोर माफी मागतो."

तीनचारशे लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. मी सासऱ्यांकडं पाहिलं. ज्या वाक्यासाठी हा माणूस एकतीस वर्षं थांबला होता, ते वाक्य आलं होतं, अगदी हवं तसं, माइकवरून. आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्यांच्या बशीत दुसऱ्याचं जेवण वाढलं. मी हळूच म्हणालो, घ्या ना, तुमचं आहे ते. कालचं काय, तो अपघात होता.

ते उठले. माइकपर्यंत गेले. कुणीतरी त्यांच्या हातात एक चषक दिला. ते म्हणाले, "कालचे खिळे माझेच होते."

आधी कुणीतरी हसलं, आणि मग सगळा मांडव हसला. लोकांना वाटलं, म्हातारा आनसेल्मोची फिरकी घेतोय. सासरे वैतागले. त्यांनी डबा सांगितला, तळ सांगितला, दोनशे बारा आकडा सांगितला. आकड्याला तर परगावचे चौघे टेबलावर हात आपटून हसले. शेवटी ते ओरडले, "माझ्या जावयाला विचारा." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता मात्र मी लपलो नाही. उठून म्हणालो, "खरं आहे. डबा मी पाहिलाय." त्यावर असा हशा झाला की निखाऱ्यावरचा माणूसही चिमटा टाकून हसू लागला. सासरा-जावयाची जोडी पढवून आलीय, असं कुणीतरी म्हणालं.

सासरे चषक घेऊन परत आले आणि बाकावर बसले. "पेरत नाही म्हणालो तर खोटं, पेरले म्हणालो तरी खोटं," ते म्हणाले. "माझ्या तोंडातच काहीतरी बिघाड असणार." हसावं की काय ते मला कळेना, कारण त्यांचे डोळे भरले होते.

लोक पांगून वाढून घ्यायला गेले तेव्हा आनसेल्मो आमच्या बाकाशी आला. बसू का म्हणून विचारलं, बसला, आणि आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाला, "खिळे तुमचे होते हे मला माहीत होतं."

सासऱ्यांनी चषक मांडीवर घेतला.

"दीड किलोमीटरमध्ये नालाचे खिळे, खोक्याचे खिळे, तारेचे आकडे, सगळे एकत्र. असं आपोआप पडत नाही. आणि तुमच्या घमेल्याला बिनबुडाचा डबा लटकत होता. मी खाटीक आहे, आंधळा नाही."

"मग माफी कसली मागितलीस?"

आनसेल्मोनं टोपी काढली, परत घातली. एवढा दांडगा माणूस, पण मान वर करेना. "त्या दुसऱ्या खिळ्याची. लग्नाच्या दिवशीच्या. डॉन हेर्वासिओ, तुम्ही माझं चाक बारा मिनिटांत करून दिलं होतंत."

"दहा," सासरे म्हणाले.

"दहा. उरलेला तासभर मी रेल्वेच्या गोदामामागं बसून होतो. सिगारेट ओढत. घाबरलो होतो. सगळं आयुष्य एकदम समोर दिसायला लागलं. मग दारात गेलो तर सगळं गाव बघतंय, नीदिया बघतेय, आणि जे पहिलं तोंडात आलं ते बोललो. एकदा बोललो म्हटल्यावर परत कसं घेणार? दरवर्षी तेच बोलावं लागलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "काल तुम्ही परत फिरलात आणि सगळ्यांत आधी कबूलच करायला लागलात, तेव्हा रात्रभर मला झोप नाही."

मी सासऱ्यांकडं पाहत होतो. एकतीस वर्षांचं सगळं ओझं त्यांच्या हातात आलं होतं, आता हवं तिथं फेकावं. मला तर त्यांच्या वतीनं त्या खाटकाची गचांडी धरायची होती.

सासरे म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू गोदामामागं बसलेला. घमेल्यातलं पाणी टाकायला मागं गेलो, तर धूर दिसला. डोकावलो. सूट घालून रडत होतास."

आनसेल्मो त्यांच्याकडं सरकला. "मग बोलला का नाहीत? एका वाक्यात सुटला असतात."

"आणि नीदियाला काय वाटलं असतं?" सासरे म्हणाले. "शेवटी गेलास ना चर्चमध्ये. पोरं झाली, नातवंडं झाली. खिळ्याचं काय, मी दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं सिद्ध केलं असतं."

मला माझ्या सासऱ्यांचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या बापाचाही कधी वाटला नव्हता, आणि हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आनसेल्मोनं डोळे पुसले. मग छाती भरून म्हणाला, की आता लपवणार नाही, उद्या घरी गेलो की नीदियाला सगळं खरं सांगून टाकतो.

सासऱ्यांनी चषक बाकावर आपटला. "गाढवा, एकतीस वर्षं मी शिव्या खाल्ल्या त्या तुझं लग्न टिकावं म्हणून. आता शहाणपणा करून माझी मेहनत फुकट घालवू नकोस."